मुळे खाऊन येते

आपल्या दारी मुळा येत नाही असं कुणी सांगितलं, तर कंडक्टरीण त्याला तोंडावर आळशी म्हणाली असती. बी टाकलं की चौथ्या दिवशी मान वर काढणारी ही भाजी. तिला ना मांडव लागतो ना कौतुक. वांगी रुसतात, टोमॅटोवर रोग पडतो, काकडी कडू निघते. मुळा आपला मुकाट्याने जमिनीत उतरतो आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ताटात येतो. आणि असा हा गरीब मुळा तिच्या घरामागच्या वाफ्यात, तिच्या डोळ्यांदेखत, दोनदा फुकट गेला होता आणि तिसऱ्यांदा जायच्या बेतात होता. घालवणारं माणूस कोण, तर तिची थोरली नणंद, जिने बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली होती!

"अहो अक्का, एकतीस वर्षं!" ती दिवसातून दोनदा तरी म्हणे. "एवढ्या वर्षांत मी बस चालवायलासुद्धा शिकले असते."

"मुळ्याचं काही सांगता येत नाही बाई," अक्का शांतपणे म्हणत, आणि झारी घेऊन परसात जात. हा शांतपणाच तिला सहन होत नसे. भांडणाला भांडण मिळालं की तिचं डोकं ठिकाणावर राही. समोरचं माणूस गार बसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

बरं, मुळे आले नाहीत तर नाही आले, बाजारातून आणता येतात, असंही म्हणायची सोय नव्हती. कारण या मुळ्यांवर अक्कांचं जाणं अडलं होतं.

दर रविवारी सकाळी धाकट्या दिराचा फोन येई. तो दुसऱ्या शहरात राहत होता, नळाच्या सामानाचं दुकान होतं, दोन मजली घर होतं. त्याने अक्कांसाठी खालची खोली रंगवून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. "वहिनी, झाले का मुळे?" तो विचारी. वहिनीने "नाही हो भाऊजी" म्हटलं की पलीकडून मोठा उसासा ऐकू येई. जणू मुळे तीच दाबून ठेवत होती.

कंडक्टरीण हे काही तिचं नाव नव्हे. एकोणतीस वर्षं तिने शहराच्या बसमध्ये कंडक्टरकी केली आणि निवृत्त होऊनही गल्लीने तिला सोडलं नाही. आवाज असा, की पाठीमागच्या दाराशी लोंबकळणारा माणूस तिच्या एका "पुढे सरका"ने थेट ड्रायव्हरपाशी जाऊन थांबे. घरात मूलबाळ नव्हतं. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता, पंपाच्या आवाजाने निम्मा बहिरा झालेला, त्यामुळे दोघांचं छान जमलं. बारा वर्षांपूर्वी अक्का निवृत्त झाल्या आणि दोन ट्रंका, एक भिंग आणि एक चिमटा घेऊन भावाकडे राहायला आल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आधी भावांची शिक्षणं होती, मग आईचं आजारपण, मग कुणी विचारेनासं झालं. याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर ती भाजीवाल्याकडच्या मेथीबद्दल असे.

अक्कांचं काम असं होतं: ओल्या कागदावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरल्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. चांगले एका बाजूला, वाया गेलेले दुसऱ्या बाजूला. हे सगळं त्या जेवताना सांगत. "मुळाचं टोक तुटलं की खलास," त्या भाताचा घास हातात धरून म्हणत. "वरून पानं हिरवीगार दिसतील, पण त्याचा मुळा धरायचा नाही. धरला तर दोन पायांचा, नाहीतर करंगळीएवढा. असला कोंब आम्ही मोजायचोच नाही." नवऱ्याला निम्मं ऐकू येई आणि तो पूर्ण मान हलवी. कंडक्टरणीला सगळं ऐकू येई आणि ती म्हणे, "अक्का, आमटी निवतेय."

बारा वर्षं दोघी भांडल्या. भांडी घासायची घासणी ओली ठेवायची की पिळून, रेडिओ किती मोठा लावायचा, दुधावरची साय कुणी खाल्ली. अक्का कढीपत्त्याची पानंसुद्धा निवडून, डागाळलेली बाजूला काढून फोडणीत टाकत, आणि तेवढ्यात इकडे तेल पेटायची वेळ येई. कंडक्टरीण नवऱ्यापाशी जाऊन म्हणे, "तुमच्या बहिणीने मला वीट आणलाय." नवरा म्हणे, "काय?" आणि ते तिथेच संपे.

चौदा महिन्यांपूर्वी नवरा गेला. सगळे जमले होते तेव्हा धाकटा दीर सर्वांसमोर म्हणाला, "अक्काला आता मी नेतो. वहिनींवर किती दिवस भार टाकायचा?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कंडक्टरीण गप्प बसली. आता हिला काय वाटतं ते ही बोलेल, मी कोण मध्ये पडणार, सख्खा भाऊ बोलवतोय, असं तिच्या मनात आलं. अक्कांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येईन की. तुझी खोली होऊ दे." तिला ते लागलं. बारा वर्षांच्या भांडणांनंतर अक्कांनी निदान एकदा तरी "बघू" म्हणायचं होतं. पण ती बोलली नाही, आणि मग घरात तो विषय निघालाच नाही.

खोली व्हायला नऊ महिने गेले. थंडी सुरू होता होता दिराचा फोन आला, की रंग वाळला, कधी येतेस? अक्का फोनवर म्हणाल्या, "अरे, आत्ताच मुळे लावलेत. तेवढे मुळे खाऊन येते." फोन ठेवला आणि फडताळात बियांचं पाकीट शोधू लागल्या. तेव्हा वाफ्यात मुळाच काय, गवतसुद्धा नीट नव्हतं. कंडक्टरणीने हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माणसाने खोटं बोलावं, पण बोलल्यावर ते खरं करायला चिखलात बसू नये. तिला वाटलं, या बाईला आयुष्यात खोटं पचलेलं नाही, म्हणून धावपळ करतेय.

पहिल्या वेळी अक्कांनी बी असं ओतलं, की वाफ्याला केस आल्यासारखे दिसू लागले. "विरळ करा," कंडक्टरीण म्हणाली. "जीव होत नाही," अक्का म्हणाल्या. ऐका! जिने एकतीस वर्षं कोंब उचलून कचऱ्यात टाकले, तिचा आता जीव होत नाही. पन्नास दिवसांनी उपटलं तर प्रत्येक मुळा दोरीएवढा. पंधरा दिवस घरात मुळ्याच्या पाल्याची भाजी झाली. सोळाव्या दिवशी कंडक्टरणीने पाल्याची जुडी भिंतीवरून शेजारच्या शिंपिणीला दिली. शिंपीण म्हणाली, "अहो, पण मुळे कुठायत?" कंडक्टरीण तिच्यावरच खेकसली.

दुसऱ्या वेळी अक्कांनी खत घातलं. थोडंथोडकं नव्हे, पाट्याच्या पाट्या. वाफा असा माजला, की पानं गुडघ्याला लागू लागली, आणि खाली बघावं तर मुळ्याच्या नावाने शेपटी. "खत जास्त झालं वाटतं," अक्का म्हणाल्या. "वाटतं?" कंडक्टरीण ओरडली. "तुम्हाला वाटतं? गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा वासावरून कळलं होतं!" पुन्हा पाल्याची भाजी. आता तिला झोपेतसुद्धा पाला दिसू लागला.

तेव्हाच तिने ठरवलं. अक्कांच्या भरवशावर राहिलं तर हे प्रकरण जन्मभर चालेल. पाकिटात मूठभर बी उरलं होतं. बंद पडलेल्या कपडे धुण्याच्या मशीनचा स्टीलचा ड्रम गच्चीवर पडला होता. त्याला खाली भोकं होतीच. तिने तो परसातल्याच मातीने भरला, बी बोटबोट अंतरावर टोचलं, उगवल्यावर अर्धी रोपं निर्दयपणे उपटून टाकली, आणि रोज सकाळी अक्का आंघोळीला गेल्या की वर जाऊन पाणी घालू लागली. गुडघे दुखत होते, जिना बावीस पायऱ्यांचा होता, आणि ती प्रत्येक पायरीला पुटपुटत होती, "एकदाचे मुळे होऊ देत. खा आणि जा, माझ्या जिवाला शांती." हे ती मनापासून म्हणत होती, निदान दहाव्या पायरीपर्यंत तरी.

खाली तिसरी पेरणी झाली. या वेळी कंडक्टरीण कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहिली. अंतर तिने सांगितलं, खत तिने मोजून घालू दिलं, विरळणीही तिच्यासमोर झाली. शिस्तीत रांगा लागल्या. दहा दिवस सगळं ठीक होतं. मग रोपं थांबली. रोज सकाळी माना टाकलेल्या. पाणी बरोबर, ऊन बरोबर, कीड नाही. वर ड्रममध्ये मात्र त्याच पाकिटातलं बी, त्याच मातीत, धष्टपुष्ट होत चाललं होतं.

आता तिला राग येईना, भीती वाटू लागली. अक्का एकाहत्तर वर्षांच्या. परवा चहात दोनदा साखर घातली होती. किल्ली सापडत नव्हती ती पिठाच्या डब्यात निघाली. या बाईच्या हाताखालून कधी एक कोंब चुकला नव्हता, आणि आता साधा मुळा जमत नाही. म्हणजे डोक्यातलं काहीतरी सुटत चाललंय का? ती दोन रात्री कूस बदलत राहिली. बोलायला घरात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून रविवारी दिराचा फोन आला तेव्हा तिने ते सांगून टाकलं.

"मग तर एक दिवसही थांबायला नको," दीर घाबरून म्हणाला. "मुळे गेले खड्ड्यात. इथे चांगले डॉक्टर आहेत. मी येत्या रविवारी गाडी घेऊनच येतो."

"अहो, तसं नाही, मी आपलं—"

"नाही वहिनी, तुम्ही खूप केलंत. आता माझी पाळी."

फोन बंद झाला. कंडक्टरीण फोनकडे बघत बसली. आपण डबल बेल मारली आणि गाडी सुटली, असं तिला झालं. अक्कांना तिने एवढंच सांगितलं, "भाऊजी रविवारी येतायत. न्यायला." अक्का तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मुळे नाही झाले अजून." मग थोड्या वेळाने, "बरं." आठवडाभर घरात भांडण झालं नाही. घासणी पिळलेली, रेडिओ बारीक, सायीची वाटी झाकून ठेवलेली. तो आठवडा तिला बारा वर्षांतला सगळ्यात वाईट गेला.

शनिवारी दुपारी तिला झोप लागेना. चला, निदान जाताना हिच्या पोटात मुळे तरी घालू, म्हणून ती बावीस पायऱ्या चढून वर गेली. ड्रममधला पहिला मुळा हाताला लागला तो चांगला वीतभर, पांढराशुभ्र, सरळ. दुसरा तसाच. तिसरा हातात असताना तिने सहज कठड्यावरून खाली पाहिलं.

अक्का परसात पाटावर बसल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर ओला कागद. उजव्या हातात तो प्रयोगशाळेतला चिमटा. त्यांनी रांगेतलं एक रोप चिमट्याने अलगद उचललं, झटकलं, कागदावर आडवं ठेवलं. नखं कापायच्या कात्रीने मुळाचं टोक कापलं. मग बोटाने भोक करून रोप पुन्हा जागच्या जागी लावलं, माती दाबली, झारीने चार थेंब पाणी घातलं, आणि पुढच्याकडे वळल्या. हात जराही थरथरत नव्हता. एकही रोप सुटत नव्हतं. डोक्यातलं काही सुटलेल्या बाईचं हे काम नव्हतं.

कंडक्टरीण कठड्याला धरून तशीच उभी राहिली. आधी तिला काही कळेना. मग दाट पेरलेलं बी, पाट्यांनी घातलेलं खत आणि फोन ठेवून पाकीट शोधणाऱ्या अक्का, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मग तिला असा संताप आला, की बावीस पायऱ्या ती गुडघ्यांना न विचारता उतरली.

तिने मुळे खसाखसा धुतले. साल काढली नाही. जाड चकत्या केल्या, ताटलीत मीठ घेतलं आणि ताटली स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटली. अक्का हात धुऊन आत आल्या आणि ताटलीकडे पाहून थबकल्या.

"बसा," कंडक्टरीण म्हणाली.

अक्का बसल्या. एक चकती त्यांनी उजेडाकडे धरली, वास घेतला, टोक दाताखाली धरून तोडलं. कुरकुर आवाज झाला. "भरीव आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जाळी नाही धरलेली. चाळीस दिवसांचा असेल."

"बेचाळीस. गच्चीवर आला. तुमच्याच पाकिटातल्या बियांचा, तुमच्याच परसातल्या मातीत!" तिचा आवाज चढत गेला. "मी वरून बघितलं अक्का. कात्री बघितली. चार महिने! चार महिने मला पाला खाऊ घातलात! मला वाटलं, तुमचं डोकं कामातून चाललं. रात्र रात्र झोपले नाही मी. त्या माणसाला फोनवर सांगून बसले, तो उद्या गाडी घेऊन येतोय. नव्हतं जायचं तर तोंडाने सांगायचं! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? सरळ म्हणायचं, मला जायचं नाही. मुळ्यांचे पाय कशाला कापत बसलात?"

अक्कांनी उरलेली चकती ताटलीच्या कडेला ठेवली. पदराने बोटं पुसली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

"भाऊ होता तोवर भावाचं घर होतं," त्या म्हणाल्या. "आता तुझं आहे. तुझ्या घरात मला राहायचंय, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तू तरी कुठे म्हणालीस, राहा म्हणून?"

कंडक्टरणीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. चौदा महिन्यांत तिने अक्कांना काय काय म्हटलं होतं, ते सगळं तिला आठवलं. गोळी घेतलीत का. दार ओढून घ्या. दूध उतू गेलं. चष्मा कपाळावर आहे, शोधताय काय. जेवून घ्या, मी थांबणार नाही. हजार गोष्टी म्हटल्या होत्या. हे एवढं म्हटलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, असं तिला वाटत होतं. स्वतःच्या हाताला कुणी राहा म्हणतं का?

"मग राहा की!" ती ओरडली. "राहा! कुणी घालवलंय तुम्हाला?"

भिंतीपलीकडे शिंपिणीचं मशीन चालायचं थांबलं.

"ओरडतेस कशाला?" अक्का म्हणाल्या. "मी काही बसच्या पायरीवर उभी नाही. सांगायचं तर नीट सांग."

एवढं सगळं करून वर ही बाई नीट सांगायला सांगत होती. कंडक्टरणीने कपाळावर हात मारला, दोन वेळा येरझारा घातल्या, पाण्याचा ग्लास भरला आणि न पिता ठेवून दिला. मग खुर्ची ओढून ती अक्कांच्या शेजारी बसली. एकोणतीस वर्षं जो आवाज गर्दीच्या डोक्यावरून पार शेवटपर्यंत जात होता, तो आता निघता निघेना.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही जाऊ नका. मला या घरात एकटीला राहवणार नाही."

अक्कांनी मान डोलावली. मग त्यांनी ताटली तिच्यापुढे सरकवली, आणि दोघी मुळा खाऊ लागल्या.